पडका वाडा उचलून नदीकाठी ठेवला तर चालतं का?

प्रश्न: मी साताऱ्यात राहते, वॉटरकलर करते. अजिंक्यताऱ्यावरचा ताराराणींचा पडका वाडा मला फार आवडतो, पण चित्रात मी तो संगम माहुलीला नदीकाठी दाखवला आणि मागं यवतेश्वरचा डोंगर. क्लासचे सर म्हणाले हे खोटं चित्र, जे जिथं आहे तिथंच काढायचं. खरंच चुकलं का माझं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही हो ताई, अजिबात नाही! जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिखनं (१७७४–१८४०) नेमकं हेच केलंय. त्याचं गाव ग्राइफ्सवाल्ड, बाल्टिक समुद्राजवळचा सगळा सपाट मुलूख. तिथं एल्डेना नावाचा लाल विटांचा मठ आहे, ११९९ साली स्थापन झालेला, लढायांत मोडला आणि मग लोकांनी विटा काढून नेल्या, त्यामुळं फ्रीडरिखच्या काळापर्यंत नुसत्या भिंती आणि कमानी उरल्या होत्या. पण १८३० च्या सुमाराच्या त्याच्या एका चित्रात ह्याच पडक्या मठामागं निळसर डोंगर दिसतात, ते आहेत रिझेनगेबिर्गे नावाच्या पर्वतरांगेचे, शेकडो किलोमीटर लांबचे. १८१० साली तो तिथं पायी हिंडून आला होता. माणसानं बांधलेलं ढासळतंय आणि डोंगर तसाच उभा आहे हे त्याला एका नजरेत दाखवायचं होतं, सपाट रानात ते कसं दिसणार?

मात्र एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो जागेवर जाऊन पेन्सिलनं बारकाईनं स्केच करायचा आणि ऑइलचं काम ड्रेस्डेनच्या स्टुडिओत. म्हणजे जागा बदलली तरी कमान मात्र खरी, डोळ्यांनी बघितलेली. तुम्हीपण वाड्याची स्केचेस गडावर बसूनच करा, फोटोवरून नको, काळ्या दगडाचा रंग फोटोत मरतो.

आणि उजेड तपासा. माहुलीहून यवतेश्वर पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळ दाखवली तर ऊन मागून येणार आणि वाड्याची आपल्याकडची बाजू सावलीत जाणार, तिथं सकाळचं पिवळं ऊन ठेवलं असेल तर चित्र फसतं. आय लेव्हलही, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, वाडा आणि डोंगर दोन्हीकडं एकच पाहिजे.

फक्त प्रदर्शनात खाली नुसतं 'अजिंक्यतारा' लिहू नका, कल्पनाचित्र आहे असं लिहा, म्हणजे सरांची तक्रारही राहणार नाही.