'द व्हील ऑफ टाइम' ऑडिओबुकमधून ऐकायची तर तयारी काय करावी?

तुम्ही विचारलंय की लोकलच्या प्रवासात रोज दीड तास मिळतो, मराठी ऑडिओबुकं ऐकायची सवय आहे, पण रॉबर्ट जॉर्डन यांची इंग्रजीतली एवढी मोठी कल्पनारम्य कादंबरीमालिका झेपेल का आणि नावं लक्षात कशी ठेवायची.

झेपेल. १४ पुस्तकं आणि एक पूर्वकथा मिळून ४५० तासांहून जास्त ऐकणं आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर मूळ वेगाने साधारण वर्ष लागेल, सव्वापट वेगाने दहा महिने. खरी अडचण लांबीची नाही. छापील प्रत हातात असली की "ही कोण बरं?" म्हणून मागची पानं चाळता येतात, नकाशा उघडता येतो. ऐकताना ते होत नाही, म्हणून सगळी तयारी तेवढ्यासाठी करायची.

आधी आवाज निवडा. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या जोडीने पूर्ण मालिका वाचली आहे. पुरुष पात्राच्या नजरेतून चाललेला भाग क्रेमर वाचतात, स्त्री पात्राचा रीडिंग. त्यामुळे आवाज बदलला की आपण दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात शिरलो हे लगेच कळतं, आणि नवख्याला याचा फार आधार होतो. याची दुसरी बाजू अशी की एकच पात्र दोन आवाजांत बोलतं, आणि ध्वनिमुद्रण अनेक वर्षं चालल्याने काही नावांचे उच्चार पुढच्या पुस्तकांत बदललेत. एखादं नाव नवं वाटलं तरी माणूस जुनाच असू शकतो. या कथेवरच्या टीव्ही मालिकेत मॉइरेन हे पात्र साकारणाऱ्या रोझमंड पाइक यांनी सुरुवातीची पुस्तकं नव्याने वाचली आहेत. वाचन अतिशय जिवंत आहे, पण त्यात सगळी १४ पुस्तकं नाहीत, त्यामुळे मध्येच आवाज बदलावा लागेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी क्रेमर-रीडिंगच सुचवेन.

पहिल्या पुस्तकाचे निदान सात-आठ तास मूळ वेगानेच ऐका. अमेरिकन उच्चार कानात बसले की सव्वापटीवर जा. गाडीचा खडखडाट असताना वेग वाढवला तर आधी नावंच निसटतात, कारण बाकीचं वाक्य संदर्भाने भरून काढता येतं, अनोळखी नाव येत नाही. अ‍ॅपमध्ये शांत जागा गाळण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. प्रसंग बदलताना वाचून दाखवणारा दोन क्षण थांबतो, तेवढीच खूण असते. ती गेली की एका शहरातलं बोलणं दुसऱ्या शहरात सुरू झाल्यासारखं वाटतं.

नावांसाठी खिशात छोटी वही हवी. नाव कानाला ऐकू येतं तसं देवनागरीत लिहा आणि पुढे तीनच गोष्टी टिपा: कुठली, कुणाच्या बाजूची, शेवटची कुठे भेटली. एग्वेन, एलेन, एलाइडा या तिघी हमखास गोंधळ उडवतात, त्यांना पहिल्याच दिवशी वेगळ्या पानांवर टाका. गर्दीत लिहिता येत नसेल तर अ‍ॅपमधला बुकमार्क दाबा, नोंद घरी करा. नाव गूगलवर मात्र शोधू नका. शोधपेटीतल्या सूचनाच पुढचे मृत्यू आणि लग्नं सांगून टाकतात.

फाइली घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. ध्वनीचा दर्जा ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) असेल तर तासाला २८-२९ एमबी लागतात, म्हणजे तीस तासांचं पुस्तक साधारण ८५० एमबी. ऑडिबल या ऑडिओबुकांच्या अ‍ॅपवर क्रेडिट (सदस्यांना पुस्तक घेण्यासाठी मिळणारं कूपन) वापरत असाल तर लांबी कितीही असली तरी एका पुस्तकाला एकच क्रेडिट जातं, म्हणून जाडजूड पुस्तकं क्रेडिटवर घ्या. 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा छोटी आहे, ती कधी सवलतीत दिसली तर पैसे देऊन घ्या. पण तिने सुरुवात करू नका. ती २००४ साली, दहाव्या पुस्तकानंतर आली आणि तिथेच ऐकावी.

आठव्या ते दहाव्या पुस्तकात कथा मंदावते, आणि बरेच जण इथेच सोडतात. दहाव्याचा मोठा भाग तर नवव्याच्या शेवटी घडणाऱ्या घटनेच्या वेळी इतर लोक कुठे काय करत होते, यातच जातो. इथे ऐकणारा वाचणाऱ्यापेक्षा सुखी असतो. कपड्यांची वर्णनं भांडी घासताना ऐकून होतात. वेग दीडपट करा, पण पुस्तक वगळू नका, कारण अकराव्यात त्याच धाग्यांची गाठ बसते. रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले. त्यांच्या टिपणांवरून शेवटची तीन पुस्तकं ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केली, आणि त्यांत प्रसंग झपाझप बदलतात. बाराव्यापासून वेग परत सव्वापटीवर आणा.

रात्री 'प्रकरण संपेपर्यंत' असा टायमर लावून झोपायची सवय असेल तर शेवटच्या पुस्तकाचं सदतिसावं प्रकरण लक्षात ठेवा. ते एकटंच सत्तर हजारांहून जास्त शब्दांचं आहे, तासन् तास चालतं आणि सकाळपर्यंत निम्मं युद्ध उरकलेलं असेल. तिथे टायमर मिनिटांचा लावा.