पिवळा दिवा लागला, घर अजून लांब आहे

चतुर्थीच्या आठवड्यात मुंबई-पुण्याकडच्या गाड्या गोव्यात उतरतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोंड्याच्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो. विचारणा दरवर्षी एकच असते : ‘मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र लागलं, पण गाडी चालत होती म्हणून घरी आणली. आता काय करू?’ यंदा आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो. गाडी न बघता दिलेली ही उत्तरं आहेत. तुमच्या गाडीचं मॅन्युअल आणि तुमचा मेकॅनिक यांना विचारूनच शेवटचं ठरवा.

मुंबईहून येताना कणकवलीच्या पुढे दिवा लागला. गाडी नेहमीसारखी चालत होती, म्हणून सावकाश म्हापशापर्यंत आणली. ही मे महिन्यातली गोष्ट. दिवा अजून आहे, त्रास काही नाही. चूक केली का?

गाडी आणण्यात चूक नाही. दिवा स्थिर होता, टेंपरेचरचा काटा जागेवर होता, ऑइलचा लाल दिवा नव्हता, जळका वास किंवा धक्के नव्हते, तर वेग कमी ठेवून घर गाठणं योग्यच.

चूक पुढे झाली. एका बिघाडासाठी दिवा आधीच पेटलेला असेल, तर दुसरा बिघाड झाल्यावर तो तुम्हाला कसा सांगणार? पेटलेला दिवा पुन्हा पेटत नाही. मे महिन्यापासून तुमच्या गाडीत आणखी काय काय झालं असेल, ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. या आठवड्यात स्कॅन करून घ्या.

मडगाव सोडून काणकोणला घरी जात होतो. करमल घाट चढताना दिवा लुकलुकायला लागला, गाडी मिसिंग मारत होती. घर अर्ध्या तासावर होतं म्हणून तशीच नेली. आता पिकअप अजिबात नाही आणि खालून खडखड आवाज येतो.

स्थिर दिव्याचं उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्याला लावू नका. लुकलुकणारा दिवा सांगतो की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि त्यामुळे आत्ता, या क्षणी नुकसान होतंय. ते न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. ती तापून वितळते नाहीतर तुटते. तुटलेले तुकडे खडखडतात, वितळलेली जाळी धूर अडवते आणि पिकअप मरतो. तुमच्या पत्रात दोन्ही लक्षणं आहेत. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचं किंवा प्लगचं काम बहुधा हजार-दोन हजारांत आटोपलं असतं. कन्व्हर्टर बदलावा लागला तर बिल पाच आकडी होतं.

पुन्हा असं झालं तर एसी बंद करा, पाय हलका करा, ताण कमी होऊ द्या. लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला तर जवळच्या रुंद जागेपर्यंत अगदी हळू जा. थांबलं नाही तर वळण टाळून पहिल्या सुरक्षित जागी इंजिन बंद करा आणि टो मागवा. उन्हाळ्यात अशी गाडी सुक्या पातेऱ्यावर उभी करू नका, तापलेल्या कन्व्हर्टरने गवत पेटतं. सध्या गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

चार-पाच दिवस दिवा होता, मग आपोआप गेला. आता ठीक ना? (पेडणे)

सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही की दिवा स्वतःहून जातो, गाडीच्या कॉम्प्युटरने लिहिलेला बिघाडाचा कोड मात्र पुढच्या साधारण चाळीस वेळा इंजिन तापेपर्यंत मेमरीत राहतो. तो जायच्या आत वाचून घ्या.

सावंतवाडीजवळ दिवा लागला. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढून थोड्या वेळाने परत लावली. दिवा गेला, आम्ही फोंड्याला पोचलो. चार दिवसांनी पुन्हा लागला. घरीच वायर काढून बघू का?

नको. पहिल्यांदाही नको होतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दिवा पेटतो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर फक्त कोड लिहून ठेवत नाही. त्या क्षणी गाडी काय करत होती, त्याचीही नोंद ठेवतो : वेग किती, इंजिनाचे फेरे किती, ताण किती, कूलंट किती तापलेला. आम्ही तिला फ्रीझ फ्रेम म्हणतो. बॅटरीची वायर काढली किंवा स्कॅनरवर ‘क्लिअर’ दाबलं की कोडसकट ही नोंद बहुतेक गाड्यांत पुसली जाते. बिघाड मात्र जिथल्या तिथे राहतो.

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेली एक पेट्रोल गाडी माझ्याकडे होती. कोड पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. गॅरेजमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, सूतभर थरथर नाही. मालक म्हणाले, ‘बघा, काहीच नाहीये.’ मी फ्रीझ फ्रेम उघडली. वेग ३८, फेरे ३,२००, ताण ८९ टक्के, कूलंट ९३ अंश. म्हणजे गाडी तापलेली होती आणि भरल्या वजनाने चढावर होती. उभ्या गाडीत हा बिघाड दिवसभर शोधला असता तरी सापडला नसता. मी तिसरी कॉइल काढून पहिल्या सिलिंडरवर बसवली, पहिली तिसऱ्यावर. पोराला स्कॅनर घेऊन शेजारी बसवलं आणि फर्मागुडीचा चढ दोनदा चढलो. दुसऱ्या खेपेला गाडीने धक्का दिला, स्कॅनरवर पी ०३०१ आला. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोष कॉइलचाच. एक कॉइल बदलली, गाडी पुण्याला गेली. नोंद पुसलेली असती तर प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, पेट्रोल बदला, अशी अंदाजाची कामं करावी लागली असती आणि त्या प्रत्येक अंदाजाचे पैसे मालकाने भरले असते.

वायर काढल्याने आणखी एक होतं. कॉम्प्युटरने पेट्रोल-हवेचं प्रमाण आणि आयडलिंग यांचं शिकलेलं गणित जातं. मग गाडी काही दिवस वेगळीच वागते आणि हा नवा बिघाड समजून माणूस पुन्हा गॅरेज शोधतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे नीट वाचा. दाखवायला आणण्याआधी कोड उडवणं ही सर्रास चालणारी फसवणूक आहे. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो पिवळा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटलाच नाही तर दिव्याशी कुणीतरी खेळ केलाय असं समजा. पेटून विझला तरी स्कॅनर लावा. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर बहुधा मेमरी नुकतीच पुसली गेली आहे. का पुसली, ते विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर पटेपर्यंत टोकन देऊ नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आता दिवा पुन्हा लागलाय, नोंद पुन्हा तयार झाली आहे. बॅटरीला हात न लावता गाडी आणा. कुणाकडेही न्या, पण आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचा फोटो काढायला सांगा.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल असलं की हा दिवा लागतो, घट्ट केलं की जातो, असं व्हिडिओत बघितलं. खरं का? (पर्वरी)

अमेरिकेतल्या गाड्यांसाठी खरं आहे. तिथे टाकीतल्या वाफेची गळती तपासायची सक्ती आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तशी तपासणी नसते. झाकण घट्ट जरूर करा, पण तेवढ्यावर विसंबून पुढचे पाचशे किलोमीटर जाऊ नका.

पीयूसी पास झाली, मग दिवा खोटाच ना? (मडगाव)

नाही. पीयूसी उभ्या गाडीच्या नळीतला धूर मोजते, कॉम्प्युटरची मेमरी वाचत नाही.

दिवा लागला म्हणून गाडी सर्व्हिसिंगला नेली. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, शिवाय इंजिनातला कार्बन काढायचं पॅकेज घ्या, टाकीत ही बाटली ओता’ असं सांगितलं. खर्च बराच आहे. (वास्को)

कोड कुठला आला, ते विचारलंत का? पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, त्यांनीही सांगितलं नसावं.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर मेला असं होत नाही. पी ०१७१ घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. रबरी नळी चिरलेली असेल, पेट्रोल पंप दमलेला असेल, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर धूळ असेल. ऑक्सिजन सेन्सर फक्त निरोप देतोय, आणि निरोप आणणाऱ्यालाच बदललं तर महिन्याभराने दिवा परत येतो. बाटलीने तुटलेली वायर जुळत नाही आणि चिरलेली नळी बुजत नाही. कोड, त्यावर केलेली तपासणी आणि निघालेला निष्कर्ष कागदावर लिहून मागा. दिला नाही तर दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या, मगच पैसे द्या.

बीएस-६ डिझेल गाडी वाळपईतल्या वाळपईत फिरते. आधी डीपीएफचा दिवा लागला, आता इंजिनाचाही.

डीपीएफ ही धुरातली काजळी अडवणारी जाळी. साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला लागतो. बाजारापर्यंतच्या फेऱ्यांत तो तापत नाही. एकटा डीपीएफचा दिवा असताना मोकळ्या रस्त्यावर साधारण साठच्या वर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवली की बहुधा काम होतं. नेमका वेग आणि वेळ मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तुमच्याकडे आता दुसराही दिवा लागलाय, म्हणजे ती वेळ गेली. कंपनीच्या वर्कशॉपला न्या. जाळी कापून काढून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, ते बेकायदेशीर आहे.

फोनला जोडायचा छोटा स्कॅनर घ्यावा का? (पणजी)

घ्या. २०१३ नंतरच्या बीएस-४ आणि सगळ्या बीएस-६ गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. वाचा, फोटो काढा, ‘क्लिअर’ला बोट लावू नका.

चतुर्थी आटोपून साखळीहून बेळगावला घरी परतत होतो. चोर्ला चढताना आधी पिवळा, मग टेंपरेचरचा लाल दिवा लागला. मागून एक गाडीवाला म्हणाला, झाकण उघडून पाणी ओता. भाऊ उघडणार होता, मी अडवलं. बरोबर केलं का?

तुम्ही भावाचा चेहरा आणि हात वाचवलेत. तापलेल्या रेडिएटरमध्ये कूलंट दाबाखाली असतो. झाकण सैल झालं की तो उसळून अंगावर येतो. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत, निदान तासभर, झाकणाला हात लावायचा नाही.

लाल दिव्याला ‘थोडं पुढे’ नसतं. काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरम, आणि जागा मिळताच बाजूला. वाफ दिसली किंवा लाल लागला की इंजिन बंद. ऑइलचा लाल दिवा असेल तर इंजिन एक मिनिटही चालू ठेवू नका, तेवढ्यात बेअरिंगं जातात.

चोर्ल्यात पावसाळी धुकं असतं, तेव्हा इमर्जन्सीचे दिवे लावा, त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा आणि माणसांना गाडीबाहेर डोंगराच्या बाजूला उभं करा. मदतीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फोन लागला नाही तर केरीकडे उतरणाऱ्या गाडीबरोबर निरोप द्या. विम्याच्या कागदावर रस्त्यावरच्या मदतीचा नंबर असतो, तो आजच फोनमध्ये घालून ठेवा. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोरीने ओढू देऊ नका, चारही चाकं वर घेणारी गाडीच मागवा.