तरुण म्हणवणाऱ्या देशाने म्हातारपणाची चिंता आताच का करावी?

भारतात तरुण एवढे आहेत आणि वृद्धांना घरचे लोक सांभाळतातच, मग लोकसंख्येच्या वार्धक्याची चिंता आताच कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो आणि आसपासच्या वृद्धांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व हयातीचे दाखले करून देतो, म्हणून उत्तर इथूनच देतो.

देशाची सरासरी या बाबतीत फसवी आहे. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण भारतात 8.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9 आणि केरळात 12.6. आमच्या तालुक्यातल्या विटा परिसरातली कर्ती माणसे तर सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत. गावात त्यांनी बांधलेल्या बंगल्यांत आईवडीलच राहतात. मुले पैसे पाठवतात, यात्रेला न चुकता येतात, पण रात्री धाप लागली तर पाणी द्यायला शेजारीच धावतो. कुटुंब सांभाळते हे खरे आहे, फक्त ते जवळ नाही.

माझ्या गल्लीतल्या एका आजींना पाच मुले झाली, त्यांच्या थोरल्या नातवाला एकच मुलगी आहे. माणसे अधिक जगू लागली हे खरेच, पण वृद्धांचे प्रमाण मुख्यतः वाढते ते जन्म घटल्यामुळे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुले आहेत.

खरी अडचण वेगाची आहे. पासष्टीपुढच्या लोकांचे प्रमाण 7 वरून 14 टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे 115 वर्षे लागली. चीनने तेवढे अंतर वीसेक वर्षांत कापले आणि 2024 मध्ये निवृत्तीचे वय वाढवण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे बहुसंख्य कामगार असंघटित आहेत, त्यांना निवृत्तीचे वयच नसते. हातपाय थकले की काम सुटते.

त्यानंतर हाती काय उरते? केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 80 वर्षांखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा 200 रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेची भर पडून महिना 1500 होतात. माझ्या गल्लीतल्या त्या आजींचा अंगठा आयुष्यभर शेतात भांगलण (खुरपणी) करून इतका झिजला आहे की बँकेच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. गेल्या खेपेला तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतताना त्या मला म्हणाल्या, “बाळा, अंगठा कामानंच झिजला, त्याला मी काय करू?” मला उत्तर देता आले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2050 च्या सुमारास दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल. आजींचा तो थोरला नातू 1990 चा, म्हणजे त्या साली तोही साठीचा होईल. आज तो सेलमला गलाईच्या दुकानात कामाला आहे आणि त्याच्या म्हातारपणासाठी ना मालक काही भरतो, ना तो स्वतः.