कॅमशाफ्ट बदलल्यावर ट्यूनिंगची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून सध्या अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे 2004 सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो हा पिकअप ट्रक आहे. त्याच्या 5.3 लिटरच्या व्ही-8 इंजिनात मी नुकताच मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि पुशरॉडही बदलले. आता इंजिन सुरू होते, पण सिग्नलला थांबताना बंद पडते, आणि घरच्या गॅरेजमध्ये धुराने डोळे चुरचुरतात. स्कॅनरवर मात्र मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याचे दिसते. ट्यूनिंग, म्हणजे ईसीएममधील (इंजिनाच्या संगणकातील) आकडे जुळवणे, मला स्वतः शिकायचे आहे.

उत्तर : प्रथम एक विनंती. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका. डोळ्यांना झोंबणारा धूर निदान कळतो तरी. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डोळे चुरचुरतात आणि स्कॅनर लीन म्हणतो, या विसंगतीतच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. मोठ्या कॅममुळे हवा आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. आयडलला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) त्या काळात जळलेला वायू उलटा आत शिरतो, काही फेऱ्या नीट पेटत नाहीत आणि न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे तो मिश्रण लीन आहे असे कळवतो आणि ईसीएम आणखी पेट्रोल ओततो. मिश्रणाचे प्रमाण अधिक नेमके मोजणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचीही आयडलला अशीच फसगत होते. म्हणून आयडलपुरती सेन्सरवरून होणारी आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी आणि पेट्रोल थोडे थोडे कमी करत, इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा) दाब कोठे सर्वांत कमी व स्थिर राहतो ते पाहावे.

इंजिन बंद पडण्याचे कारण बहुधा हवेचे आहे. नव्या कॅमला आयडलला अधिक हवा लागते, तर ईसीएममधील आकडे जुन्या कॅमचे आहेत. आयडल 750 ते 850 आरपीएमच्या दरम्यान ठेवून त्यासाठी नोंदवलेली हवा वाढवा.

यानंतर ईसीएममधील व्हीई (व्हॉल्यूमेट्रिक एफिशिअन्सी) टेबल घ्यावे. कोणत्या आरपीएमला आणि मॅनिफोल्डच्या किती दाबाला सिलिंडर किती भरतो, याचा हा तक्ता कॅम बदलताच चुकीचा ठरतो. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर तात्पुरता बाजूला ठेवून, इंजिन पूर्ण तापल्यावर, रिकाम्या रस्त्यावर शांतपणे गाडी चालवत लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घ्यावा. लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या हाती असावा. समजा, तक्त्यातील 1600 आरपीएम आणि 60 किलोपास्कलच्या घरात वाइडबँड 8 टक्के लीन दाखवत असेल, तर त्या घरातील आकडा एकदम 8 नव्हे, 4 टक्के वाढवा आणि पुन्हा लॉग घ्या. ज्या घरात दोन-चारच नोंदी पडल्या असतील, त्याला हात लावू नका. आकडे लॅम्डामध्ये (योग्य मिश्रण म्हणजे 1, त्याखाली पेट्रोल जास्त) वाचावेत, कारण 10 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी हवेचे योग्य प्रमाण 14.7 नसून सुमारे 14.1 असते.

लॉगच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट अवश्य तपासा. माझ्या पहिल्या ट्यूनिंगच्या वेळी तेथे केसाएवढी फट होती. तिच्यातून बाहेरची हवा ओढली जात होती, सेन्सर लीन म्हणत होता आणि मी दोन शनिवार-रविवार पेट्रोल वाढवत राहिलो. शेवटी स्पार्क प्लग काढले, तेव्हा आठही प्लग काजळीने काळेकुट्ट झाले होते.

स्पार्क टायमिंगला (ठिणगी केव्हा पडते त्याला) सर्वांत शेवटी हात घाला. पूर्ण रेस देताना मिश्रण 0.85 लॅम्डाच्या आसपास आल्याशिवाय टायमिंग वाढवू नये, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडू नये, आणि इंजिनातील ठोके ओळखणाऱ्या नॉक सेन्सरने टायमिंग मागे खेचले तर तो इशारा दडपू नये. हानी येथेच होते, आणि पिस्टन फुटेपर्यंत ती कानाला कळेलच असे नाही.

अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टनुसार रस्त्यावरील वाहनाची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा निकामी करता येत नाही. तेव्हा एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका, आणि आपला कॅम रस्त्यावरील वापरासाठी मान्य आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

ईसीएमची मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढील पत्रासोबत तापलेल्या इंजिनाचा दहा मिनिटांचा आयडल लॉग आणि कॅमचे कार्ड (कॅमसोबत मिळणारा त्याच्या मापांचा कागद) पाठवावे. त्यावरून आयडलच्या आकड्यांबद्दल अधिक नेमके सांगता येईल.