नाट्यगृह तर झालं, पुढं काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या तालुक्याच्या गावी नवं सांस्कृतिक भवन होऊन दोन वर्षं झाली. उद्घाटनाला मुंबईचं नाटक आलेलं, हाउसफुल होतं. त्यानंतर लग्नं, शाळांची गॅदरिंग, पक्षांचे मेळावे एवढंच चाललंय. आम्ही दहाबारा हौशी मंडळी आहोत, इथं खरं कलाकेंद्र व्हावं असं फार वाटतं. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक मला विचारतात नाट्यगृह कसं मिळवायचं, आणि तुमच्याकडं ते आहे, नाहीये ते रोजचं काम. मला हे अगदी मनापासून वाटतं की केंद्र वाढतं ते तिथं रोज संध्याकाळी तालीम चालते म्हणून, इमारतीनं नाही वाढत.

कर्नाटकातलं हेग्गोडू बघा. शिवमोगा जिल्ह्यातलं, सागर तालुक्यातलं, सुपारीच्या बागांचं छोटंसं गाव. तिथं १९४९ साली गावातल्याच लोकांनी हौशी नाटकमंडळी काढली, नीनासम. के. व्ही. सुब्बण्णा म्हैसूरला शिकून गावी परतले आणि आयुष्यभर यातच राहिले. पण क्रम नीट बघा हं. आधी गावकऱ्यांची नाटकं, मग पुस्तकं छापणं, मग गावात जगभरचे सिनेमे दाखवून त्यावर गप्पा, आणि नाट्यशिक्षणाचा कोर्स सुरू झाला तो १९८० साली, म्हणजे तब्बल ३१ वर्षांनी! मग १९८५ ला तिरुगाट, म्हणजे फिरती नाटकमंडळी. कोर्स करून बाहेर पडलेल्या पोरांना काम हवं, आणि गावोगावच्या लोकांना चांगलं नाटक हवं, या दोन्ही गरजा एकाच गोष्टीनं भागल्या. मंडळी दरवर्षी नवी नाटकं बसवते आणि सगळा संसार गाडीत टाकून कर्नाटकभर फिरते. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढं होऊनही केंद्र बंगळूरला हललं नाही, हेग्गोडूतच राहिलं. मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू, त्यांनी नट तयार केले तसे प्रेक्षकही तयार केले. आपल्याकडं हेच राहून जातं, आपण प्रेक्षक येत नाहीत म्हणून कुरकुरतो पण त्यांच्यासाठी वर्षभर काही करतच नाही.

तुम्ही काय करू शकता? भवनाच्या व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तालमीसाठी मागून घ्या, मोठा हॉल नको, वरची मीटिंग रूम चालेल. महिन्याला एक ठरलेला दिवस पकडा, समजा दुसरा शनिवार, आणि त्या दिवशी काहीतरी झालंच पाहिजे. एकांकिका, अभिवाचन, गावातल्या भजनी मंडळाचं भजन, जवळपासच्या शाहिराचा पोवाडा, काही नाही तर नाटकाच्या एका प्रवेशाची उघडी तालीम. पहिल्या वेळी वीस लोक येतील. येऊ द्या. पण तारीख चुकवू नका, लोकांना सवय तारखेची लागते.

आणि बाहेरची नाटकं आणायची तर येणाऱ्या मंडळींना सकाळी दोन तास मागा, गावातल्या पोरांना लाइट कसे लावतात, सेट कसा उभा करतात, ते बघू द्या. मी स्वतः बरीच वर्षं बॅकस्टेज केलंय. माझं शिक्षण असंच झालं, एका दौऱ्यावरच्या मंडळींच्या टेम्पोतून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, उतरवता उतरवता.

प्रश्न : आमच्या नाट्यगृहाचं नूतनीकरण होणार आहे. कलाकारांकडून सूचना मागवल्यात. काय काय सांगावं?

उत्तर : मागवल्यात हेच किती छान! एका नव्या कोऱ्या नाट्यगृहात आमच्यावर अशी वेळ आलेली की सेट आत न्यायला प्रेक्षकांच्या दारातून, खुर्च्यांमधून जावं लागलं, कारण मागं दारच ठेवलं नव्हतं. बाहेर दगडी फरशी, झुंबर सगळं होतं. म्हणून आधी सांगा, टेम्पो थेट रंगमंचाच्या मागं लागला पाहिजे आणि दार उंच-रुंद पाहिजे. दोन्ही बाजूंच्या विंगांत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, भरपूर जागा हवी. मेकअप रूमला लागूनच स्वच्छ बाथरूम, बायकांसाठी वेगळं, याबाबत अजिबात ऐकून घेऊ नका. लाइटचे बार खाली घेता आले पाहिजेत, नाहीतर दर प्रयोगाला पोरं शिडीवर जीव टांगून उभी. एसीचा आवाज शेवटच्या रांगेत बसून ऐका, नट कुजबुजला तर ऐकू येतंय का ते बघा. आणि जमलं तर शंभरेक माणसांची एक छोटी जागा वेगळी मागा. नवीन ग्रुपला मोठ्या हॉलचं भाडं झेपत नाही, आणि शंभर लोक मोठ्या हॉलमध्ये विरळ दिसतात, तेच छोट्या जागेत भरगच्च वाटतात.

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर आठवा, १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हातून पायाभरणी, १९६८ ला उद्घाटन, आणि त्याच्या आखणीत पु. ल. देशपांड्यांसारखा रंगमंचावर वावरलेला माणूस होता. वापरणारा माणूस आधीपासून सोबत असला की फरक पडतोच.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. जागाच नसली तर संस्था जगते का हो?

उत्तर : दादा, त्या रात्री आम्हीही झोपलो नाही. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ चं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान, म्हणजे नाटक आणि कुस्ती एकमेकांना खेटून. आणि आग लागली ८ ऑगस्ट २०२४ ला, ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. काळीज हललं.

पण जगते, संस्था जगते. मुंबईचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स हे कलाकेंद्र, १९६९ ला सुरू झालं तेव्हा नरिमन पॉइंटची इमारत नव्हतीच, तात्पुरत्या जागेत काम चालायचं, टाटा थिएटर उघडलं १९८० ला. पुढं त्यांचं मोठं थिएटर १९९७ मध्ये उघडायच्या आधीच आगीत गेलं, पुन्हा बांधलं, आणि १९९९ ला जमशेद भाभा थिएटर म्हणून सुरू झालं. त्याहून मागं जायचं तर मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भाव्यांचं बघा. १८४३ ला सांगलीत त्यांचं सीतास्वयंवर नाटक झालं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ ला चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, तर भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले, थेट मुंबईपर्यंत. आश्रय टिकला असता तर नाटक कदाचित दरबारातच राहिलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. तेव्हा शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, जे मिळेल तिथं प्रयोग चालू ठेवा.

प्रश्न : पैसे कुठून आणायचे? अनुदान वेळेवर येत नाही.

उत्तर : एकाच खिशावर अवलंबून राहू नका. केरळ कलामंडलम, कथकलीसारख्या कला शिकवणारी संस्था, १९३० ला उभी राहिली, त्यासाठी कवी वल्लथोळ यांनी लॉटरीची तिकिटं विकून पैसा जमवला होता, दारोदार फिरून. तुम्ही वार्षिक सभासद करा, वर्गणी कमी ठेवा पण माणसं जास्त जोडा, मुलांच्या उन्हाळी शिबिराची फी घ्या, अनुदान आलं की ते उपकरणांसाठी ठेवा आणि रोजचा खर्च त्यातून करू नका. हिशोब दरवर्षी सभासदांसमोर वाचा, दहा रुपयांचा चहासुद्धा.