नदीतला खारटपणा तपासताना

गरम झऱ्यांमुळे नदी किंवा विहिरी खारट होतात का, हे शोधताना नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नकोस. गरम झऱ्याचं पाणी नदीत मिसळलं की ऊब थोड्याच अंतरात विरते. क्लोराइड (मिठातला एक घटक) मात्र टिकून राहतं. म्हणून झरे मिळतात त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, दोन्हीकडे क्लोराइडचं प्रमाण आणि प्रवाह (दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते) मोज. त्यांचा गुणाकार म्हणजे क्षारभार; दोन्हीकडच्या क्षारभारातला फरक ही झऱ्यांची भर. (मध्येच ओढा किंवा सांडपाणी मिळत नाही ना, हे आधी बघ!) प्रवाह कमी असताना जा, पुरात खूण पुसट होते.

विहिरींचं प्रकरण जास्त किचकट. खडकातल्या भेगांतून खारं पाणी वर चढतं, उथळ भूजलात शिरतं. उपसा वाढला की आणखी ओढलं जातं. तिथे बोरॉन, लिथियम, आर्सेनिक या गरम झऱ्यांच्या पाण्यातल्या खुणाही तपासून घे. नुसती विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; क्षार वाढले की तीही वाढते) वाढलेली पाहून झऱ्यांवर खापर फोडू नकोस. ती बाष्पीभवनानेही वाढते.