कर्मचाऱ्यांनी अन्नात घाण केल्याचा व्हिडिओ पसरला, तर हॉटेल साखळीने आधी काय करावं?

त्याच दिवशी, त्याच माध्यमावर बोलावं. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कोनोव्हरच्या डॉमिनोजमध्ये एका कर्मचाऱ्याने नाकात घातलेलं चीज सँडविचवर टाकलं आणि दुसरीने ते चित्रित केलं. कंपनी सुरुवातीला गप्प राहिली, कारण बोललो तर आणखी लोक व्हिडिओ बघतील ही भीती होती. दोन-तीन दिवसांत प्रेक्षक दहा लाखांच्या घरात गेले. मग कंपनीचे अमेरिकेतले तेव्हाचे अध्यक्ष पॅट्रिक डॉयल यांनी यूट्यूबवरच माफी मागितली: दोघांना काढलंय, फौजदारी कारवाई होतेय, दुकान बंद करून निर्जंतुक केलंय, भरतीची पद्धत तपासतोय. मजकूर नेमका होता, पण नजर कॅमेऱ्याकडे नव्हती आणि ते लोकांना खटकलं.

निवेदनाआधी व्हिडिओ कोणत्या शाखेतला आणि कामाच्या कोणत्या पाळीतला हे नक्की करा. सीसीटीव्हीचं चित्रण लगेच वेगळं जपा, जुनं आपोआप पुसलं जातं. उघडे डबे, चीज, सॉस सगळं फेका, पण आधी फोटो आणि नोंद. आरोग्य खात्याला स्वतःहून कळवा.

‘तो पदार्थ ग्राहकाला दिलाच नव्हता’ असं कर्मचारी सांगतातच, कोनोव्हरमध्येही सांगितलं. ऑर्डरच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय कंपनीने ते वाक्य उच्चारू नये.